शरदातला ताप आणि आठ दिवसांचे गणित

आपल्या वर्गाचे हजेरीपत्रक काढा आणि भाद्रपद-आश्विनाची, म्हणजे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरची पाने उघडून पाहा. गैरहजेरीच्या खुणा इथे अनेकदा दाट झालेल्या दिसतात. पालकांना विचारले की उत्तर येते, "गुरुजी, पोराला ताप होता." दोन दिवसांनी त्याच बाकावरचा दुसरा मुलगा गैरहजर राहतो आणि आठवड्याने त्याच गल्लीतली मुलगी. शाळेत हे दिवस गडबडीचे असतात. सहामाही परीक्षा तोंडावर असते, नवरात्र असते, मुलींचा हादगा चालू असतो. अशा वेळी ताप हा जणू ऋतूचाच एक भाग, असे आपण धरून चालतो.

ही समजूत जुनी आहे. आपल्या जुन्या वैद्यकात शरद ऋतूला वैद्यांची आई म्हटले आहे. आई लेकराला पोसते, तसा हा ऋतू वैद्याला पोसतो! पण ऋतूच्या अंगात काही ताप नसतो. तो कुठून येतो हे शोधता येते, मोजता येते आणि बऱ्याच अंशी थांबवताही येते. हे काम प्राथमिक शाळेतली मुलेसुद्धा करू शकतात. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील शाळा डोळ्यांसमोर ठेवून असा एक उपक्रम आम्ही इथे मांडत आहोत. त्याला खर्च जवळजवळ नाही. लागते ती एक वही, एक बॅटरी आणि आठवड्यातली एक तासिका.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करू. या दिवसांतला प्रत्येक ताप डासांमुळे येत नाही. दूषित पाण्यातून येणारा विषमज्वर असतो, साधा सर्दी-पडशाचा तापही असतो. तापाचे निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे, ते डॉक्टरांचेच. आपण इथे डासाने पसरणाऱ्या तापांपैकी एकाच गटाचा विचार करणार आहोत, कारण त्याचे मूळ थेट आपल्या घरात आणि शाळेत असते.

आपला पाऊस उशिरा येतो

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, मावळ-मुळशीत, जुलै महिन्यात पाऊस अक्षरशः कोसळतो. पूर्वेकडे यावे तसा तो कमी होत जातो. बारामती आणि इंदापूर तर पर्जन्यछायेत येतात. इथला वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. उत्तरा आणि हस्त ही इथल्या शेतकऱ्याची भरवशाची नक्षत्रे. म्हणजे पश्चिमेकडे पाऊस ओसरू लागतो तेव्हा आपल्याकडे तो कुठे रंगात आलेला असतो. त्यापाठोपाठ ऑक्टोबरचे ऊन तापते. दुपारी पारा तिशीच्या पुढे जातो, पण रात्री अजून थंडी नसते. ठिकठिकाणी साचलेले पाणी आणि ही ऊब, दोन्ही एकाच वेळी मिळतात. डासांना याहून सोयीचा काळ कुठला?

पण पावसाचे पाणी ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी गोष्ट साठवणीच्या पाण्याची आहे. बारामतीच्या बागायती पट्ट्यातून नीरा डावा कालवा जातो. सुपे-मोरगावकडचा भाग मात्र जिरायती. इंदापूरच्या उत्तरेला उजनीचा जलाशय पसरलेला, तर त्याच तालुक्यात पाण्यासाठी तळमळणारी गावेही आहेत. कुठे नळाला एक-दोन दिवसांआड पाणी येते, कुठे टंचाईच्या दिवसांत टँकरची वाट पाहावी लागते. त्यामुळे कालव्याकाठी काय किंवा माळरानावर काय, घरोघरी पाणी भरून ठेवलेले दिसते. पिंप, रांजण, सिमेंटचा हौद, गच्चीवरची काळी टाकी, गोठ्यातली दगडी डोणी. हे पाणी स्वच्छ असते, आणि खरी गोम तिथेच आहे.

स्वच्छ पाण्यातला डास

डास घाणीत वाढतो, हे वाक्य आपण मुलांना नेहमी सांगतो. क्युलेक्स जातीच्या डासांपुरते ते बरोबर आहे. गटाराच्या आणि डबक्याच्या पाण्यात वाढणारा, रात्री कानाशी गुणगुणणारा तो हाच. हिवताप पसरवणारा डास म्हणजे ॲनॉफिलीस. तोही रात्रीच चावतो. तिसरा डास आहे एडिस इजिप्ती. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका या तिन्ही आजारांचे विषाणू मुख्यतः तोच वाहतो. त्याला घाण पाणी फारसे मानवत नाही. भांड्यात साठवलेले, स्थिर, स्वच्छ पाणी त्याला हवे असते. डेंग्यू आला की आपण गटारे झाडतो आणि अंगणातले पिंप तसेच ठेवतो. शत्रू एका घरात आणि झडती दुसऱ्या घराची, असा हा प्रकार होतो.

एडिस ओळखायला सोपा आहे. रंगाने काळा, पायांवर पांढरे पट्टे. गावात कोणी त्याला वाघ्या डास म्हणते, कोणी पट्ट्यापट्ट्यांचा डास. त्याची दुसरी खूण म्हणजे चावण्याची वेळ. तो दिवसा चावतो, विशेषतः सूर्योदयानंतरच्या दोन-तीन तासांत आणि सूर्यास्ताच्या आधीच्या दोन-तीन तासांत. एरवी तो अंधाऱ्या, सावलीच्या जागी बसून राहतो: बाकांखाली, कपाटामागे, खुंटीला अडकवलेल्या कपड्यांत. तो उडतोही खालून, म्हणून पाय आणि घोटे त्याला आयते सापडतात. आता आपला वर्ग डोळ्यांपुढे आणा. सकाळची प्रार्थना, दुपारनंतरच्या तासिका, अर्ध्या चड्डीतली मुले. रात्रीची मच्छरदाणी या मुलांना शाळेत कशी वाचवणार? म्हणून एडिसचा प्रश्न घराइतकाच शाळेचाही आहे.

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. १९७३ साली शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शी येथे चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तिचा अभ्यास केला. १९५२ साली स्थापन झालेली हीच संस्था १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. चिकुनगुन्या हा शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला. सांधेदुखीने माणूस वाकून जातो, त्यावरून तो आला. बार्शीनंतर सुमारे तीन दशके हा आजार भारतात जवळजवळ दिसेनासा झाला होता. २००५ च्या अखेरीस तो परतला आणि २००६ साली देशभरात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. पुढे २०२१ च्या जुलैअखेर महाराष्ट्रातील पहिला झिका रुग्ण आढळला. तो कुठे, तर बारामतीला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यातील बेलसर या गावात. त्याच सुमारास गावात चिकुनगुन्या आणि डेंग्यूचेही रुग्ण सापडले. तीन वेगळे विषाणू आणि गाव एकच. कारण तिघांना वाहून नेणारा डासही एकच.

आठ दिवसांचे गणित

हा डास थांबवायचा तर त्याचे आयुष्य नीट समजून घेतले पाहिजे.

रक्त फक्त मादी पिते, तेही अंडी तयार होण्यासाठी. नर फुलांच्या आणि फळांच्या रसावर जगतो. मादी एका खेपेला साधारण शंभर अंडी घालते, पण पाण्यावर नाही. पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला ती अंडी चिकटवते. एकाच भांड्यात सगळी न घालता दोन-चार भांड्यांत वाटते. भांड्यात पुन्हा पाणी भरले आणि अंडी बुडाली की अळ्या बाहेर येतात. अळी चार वेळा कात टाकते, मग तिचा स्वल्पविरामासारखा वाकडा कोष होतो आणि दोनेक दिवसांत कोषातून डास बाहेर पडतो. ऑक्टोबरच्या उबेत अळी बाहेर पडल्यापासून डास उडेपर्यंत साधारण सात ते दहा दिवस लागतात. पारा विसाच्या आसपास उतरला की याच प्रवासाला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागतो. थंडी पडली की डास कमी का होतात, त्याचे एक कारण हे.

पंख फुटेपर्यंत हा जीव पाणी सोडून कुठेही जाऊ शकत नाही. उडणारा डास पकडणे अवघड, पण पिंपातली अळी आठवडाभर आपल्या ताब्यातच असते. भांडे आठवड्यातून एकदा रिकामे केले, तर त्यातले पाणी कधीच सात दिवसांहून जुने होणार नाही आणि अळीला पंख फुटायला बहुधा वेळच मिळणार नाही. आरोग्य खाते 'कोरडा दिवस' पाळा म्हणून सांगते, ते यासाठीच. तो दिवस आठवड्याने का, महिन्याने का नाही, हे मुलांना वर सांगितलेल्या दिवसांवरून स्वतः काढू द्या. सांगितलेल्या नियमापेक्षा स्वतः काढलेला नियम मुले जास्त पाळतात.

सातवी-आठवीच्या वर्गाला आणखी एक हिशेब द्या. समजा, एका मादीच्या संततीतून पुढे अंडी घालण्याइतक्या दहाच माद्या जगल्या. अंड्यापासून डास होणे, त्याने रक्त पिणे आणि अंडी घालणे, या सगळ्याला मिळून दोन आठवडे धरा. मग दोन आठवड्यांनी १०, चार आठवड्यांनी १०० आणि सहा आठवड्यांनी १००० माद्या होतील. हस्ताच्या पावसापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत साधारण एवढाच काळ जातो. आता विचारा: पहिल्या आठवड्यात एक भांडे घासणे सोपे, की सहाव्या आठवड्यात हजार डास मारणे?

पहिला उपक्रम: बाटलीतली अळी

अळी पाहिल्याशिवाय ती शोधता येत नाही. म्हणून सर्वेक्षणाआधी हा प्रयोग करावा.

साहित्य: रुंद तोंडाची काचेची किंवा प्लास्टिकची पारदर्शक बरणी, मलमलीचा तुकडा, रबर, भिंग.

कृती: साठवणीच्या भांड्यात अळ्या सापडल्या की पाण्यासकट पाच-सहा अळ्या बरणीत घ्याव्यात. तोंडावर मलमल ताणून रबराने घट्ट बांधावी. बरणी सावलीत ठेवावी. मुलांनी रोज एकाच वेळी पाहून तारखेसह चित्र काढावे.

अळी श्वासासाठी पृष्ठभागाशी येते, तेव्हा ती कशी लटकते हे पाहायला सांगा. एडिस आणि क्युलेक्सच्या अळ्या शेपटाकडची श्वासनळी वर करून, डोके खाली घालून तिरप्या लटकतात. क्युलेक्सची नळी लांब आणि बारीक असते, एडिसची आखूड आणि जाड. ॲनॉफिलीसच्या अळीला अशी नळी नसते. ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते. बरणीवर हळूच टिचकी मारा किंवा हाताची सावली पाडा. अळ्या वळवळत तळाशी जातील. घरी पिंपात अळ्या "नाहीतच" असे लोक का म्हणतात, ते इथे कळते. झाकण उघडले की त्या तळ गाठतात. म्हणून तपासताना बॅटरीचा झोत टाकून मिनिटभर वाट पाहावी. श्वासासाठी त्यांना वर यावेच लागते.

कोष दिसू लागले की प्रयोग संपवावा. बरणीत उकळते पाणी ओतून सगळे जीव मारावेत. हे काम शिक्षकांनीच करावे. प्रयोगासाठी का होईना, शाळेने एकही डास बाहेर सोडता कामा नये!

दुसरा उपक्रम: भांड्यांची शिरगणती

सुरुवात शाळेपासूनच करावी. दुसऱ्याच्या घरातले पिंप तपासण्याआधी आपली टाकी पाहिलेली बरी. पोषण आहाराच्या खोलीमागची पिंपे, स्वच्छतागृहातली टाकी, कुंड्यांखालच्या ताटल्या, छतावर फेकलेल्या बाटल्या, मैदानाच्या कडेला अर्धे पुरलेले टायर, हातपंपाजवळचा खड्डा. चौथीपर्यंतच्या मुलांनी शाळेच्या आवारातच मोजणी करावी. पाचवीच्या पुढच्या मुलांचे गट शिक्षकांबरोबर किंवा गावातल्या आशाताईंबरोबर जवळच्या घरांत जाऊ शकतात. मुलांना विहिरीत, उंच टाकीत किंवा खोल हौदात डोकावू देऊ नये. ती भांडी मोठ्यांनीच पाहावीत.

वहीत पाच रकाने आखावेत: घर क्रमांक, भांड्याचा प्रकार, झाकण आहे की नाही, शेवटचे कधी रिकामे केले, अळ्या आहेत की नाहीत. कुटुंबाचे नाव लिहू नये. क्रमांक पुरेसा आहे. एखाद्या मुलाच्या घरात अळ्या सापडल्या हे वर्गात जाहीर झाले, तर पुढच्या वेळी ते घर दार उघडणार नाही. आणि ते मूलही मान खाली घालून बसेल.

आता गणिताची तासिका. समजा, ४० घरे पाहिली आणि त्यांपैकी ८ घरांत अळ्या सापडल्या. पाणी असलेली भांडी २०० होती आणि अळ्या असलेली भांडी १०.

घर निर्देशांक: ८ ÷ ४० × १०० = २०
भांडे निर्देशांक: १० ÷ २०० × १०० = ५
ब्रेटो निर्देशांक, म्हणजे दर १०० घरांमागे अळ्या असलेली भांडी: १० ÷ ४० × १०० = २५

आरोग्य खात्याचे कीटक सर्वेक्षण याच तीन आकड्यांवर चालते. शंभरात पाचच भांडी दोषी, म्हणून पहिल्या नजरेला भांडे निर्देशांक दिलासा देतो. पण त्याच मोजणीत दर पाच घरांमागे एक घर डास पोसते आहे. एकच माहिती, पण भागाकार बदलला की चित्र बदलते. शेकडेवारी शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. अमुक आकड्याखाली धोका नाही, अशी मात्र कोणतीही पक्की रेषा नाही. आपला आकडा आपल्याच मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचा.

त्यानंतर भांड्यांच्या प्रकारानुसार स्तंभालेख काढावा. पाच-सहा प्रकारांपैकी एक-दोनच स्तंभ उंच आले, तर कामाची दिशा ठरली. एका वस्तीत ते सिमेंटचे हौद निघतील, दुसऱ्या वस्तीत टायर किंवा गोठ्यातल्या डोणी. हे आधीच ठरवून टाकू नये, वहीला सांगू द्यावे.

पाणी फेकायचे नाही

इथे एक अडचण येते, आणि ती खरी आहे. ज्या बाईने टँकरमागे धावून किंवा शेजारच्या मळ्यातून डोक्यावर हंडे आणून पिंप भरले, तिला आपण सांगणार, "दर शुक्रवारी पिंप रिकामे करा"? ती ऐकणार नाही, आणि तिचे चुकते असेही नाही. सुपे भागातल्या जिरायती गावात ते वाक्य क्रूर वाटेल.

पण गणितात पाणी फेकण्याची अट कुठेच नाही. अट आहे ती अळ्या काढण्याची आणि अंडी खरवडण्याची. जुन्या सुती लुगड्याची दुहेरी घडी दुसऱ्या भांड्याच्या तोंडावर बांधायची आणि पिंपातले पाणी त्यातून गाळून घ्यायचे. अळ्या फडक्यावर राहतात. फडके कोरड्या जमिनीवर, उन्हात झटकायचे. रिकाम्या पिंपाची आतली भिंत काथ्याने किंवा ब्रशने घासायची, विशेषतः पाण्याच्या रेषेजवळ. मग तेच पाणी पुन्हा पिंपात ओतून तोंडाला कापड बांधायचे. थेंबही वाया जात नाही.

घासण्याचा टप्पा मात्र गाळू नये. नुसते रिकामे करून पालथे घातलेले भांडे सुरक्षित असते, ही समजूत चुकीची आहे. एडिसची अंडी कोरड्या भिंतीला चिकटून कित्येक महिने तग धरतात आणि पुढच्या पावसात पाणी भरले की त्यांतून अळ्या निघतात. यंदाच्या शरदातले न घासलेले पिंप पुढच्या पावसाळ्याचे बियाणे जपून ठेवते. नवरात्राआधी घर धुण्याची, गोधड्या-भांडी घासून काढण्याची आपली रीत इथे कामाची आहे. त्या दिवशी पिंपेही घासली जावीत, एवढीच भर घालायची. मग ती घासणी वर्षातून एकदा न होता दर आठवड्याला व्हावी.

मोठे हौद आठवड्याला उपसता येत नाहीत. तिथे घट्ट झाकण किंवा जाळी हा पहिला उपाय. दुसरा गप्पी माशांचा. हे मासे अळ्या खातात आणि आरोग्य केंद्राकडून मिळू शकतात. ते हौदातच ठेवावेत. ओढ्यात, नदीत किंवा तळ्यात सोडू नयेत, कारण तिथल्या मूळच्या जीवांना त्यांचा उपद्रव होतो. अळीनाशक औषध टाकायचे असेल तर ते आरोग्यसेवकांनीच, मोजून.

धुरळणी आणि हवाना

गावात रुग्ण सापडला की लोक धूर फवारणीची मागणी करतात. मोठा आवाज होतो, पांढरा धूर निघतो, काहीतरी झाले असे वाटते. साथीच्या वेळी तिचा उपयोग आहे, पण धूर मारतो ते फक्त त्या वेळी उडणाऱ्या डासांना. पिंपातल्या अळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. चार दिवसांत त्यांना पंख फुटतात आणि पाढा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

उलट बाजूचा दाखला क्युबातल्या हवाना शहराचा आहे. एडिस हाच डास पीतज्वरही पसरवतो. कार्लोस फिनले या क्युबन डॉक्टरांनी १८८१ सालीच डासावर बोट ठेवले होते, पण फारसे कोणी ऐकले नाही. १९०० साली वॉल्टर रीड यांच्या पथकाने ते प्रयोगाने सिद्ध केले. मग १९०१ मध्ये विल्यम गॉर्गस यांच्या देखरेखीखाली पथके घरोघर फिरू लागली. त्यांनी पिंपे झाकली, साचलेले पाणी ओतून टाकले किंवा त्यावर तेल सोडले. त्याच वर्षी, सप्टेंबरअखेर, हवानातून पीतज्वर जवळजवळ नाहीसा झाला. तेव्हा ना लस होती, ना आजची कीटकनाशके. होती ती घरोघरची मोजणी आणि नेमाने फिरणारी माणसे.

हा डास सहसा शंभर-दोनशे मीटरपलीकडे जात नाही. म्हणजे तुम्हाला चावणारा डास बहुधा तुमच्याच आळीत जन्मलेला असतो. याला दुसरी बाजूही आहे. दहापैकी नऊ घरांनी पिंपे घासली तरी दहाव्या घरातले डास नवांनाही चावतात. म्हणून सगळ्या वस्तीने एकच वार ठरवणे आवश्यक आहे.

दिवाळीची सुट्टी आणि कोप्या

दोन ठिकाणी हा उपक्रम हमखास तुटतो.

पहिले ठिकाण दिवाळीची सुट्टी. शाळा बंद, टाकी भरलेली, कुंड्यांत पाणी, आणि पाहायला कोणी नाही. सुट्टीचे दिवस आठाहून अधिक, म्हणजे गणित डासांच्या बाजूचे. सुट्टी लागण्याच्या दिवशी टाकी उपसून, घासून, झाकून ठेवावी. शाळा पुन्हा भरेल त्या दिवशी पहिल्या तासाच्या आधी मोजणी करावी.

दुसरे ठिकाण ऊसतोडणी कामगारांच्या कोप्यांचे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, धाराशिवकडून टोळ्या येतात. सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगर, बिजवडी अशा कारखान्यांच्या परिसरात कोप्यांची वस्ती उभी राहते. कोपीला बहुधा नळ नसतो. मिळेल तिथून आणलेले पाणी मिळेल त्या पिंपात साठवावे लागते. भल्या पहाटे आईवडील फडावर जातात. लहान मुले कोपीवर राहतात, म्हणजे एडिसच्या चावण्याच्या वेळेत. यांतली काही मुले आपल्या वर्गात येऊन बसतात, काही येतही नाहीत.

अशा वेळी "ताप बाहेरच्यांनी आणला" हे वाक्य गावात सहज फिरते. ते बहुतेक वेळा उलटे असते. त्यांना चावणारा डास आपल्या आळीतल्या पिंपात वाढलेला असतो. हस्ताच्या पावसापासून तो आपण पोसलेला असतो आणि ही कुटुंबे नंतर येतात. म्हणून मोजणीच्या वहीत कोप्यांनाही क्रमांक द्यावेत आणि पाणी गाळायचे फडके घेऊन तिथेही जावे. दोनशे मीटर उडणाऱ्या डासाला गावकरी आणि परगावचे असा भेद करता येत नाही.

ताप आलाच तर

शिक्षकांनी एवढे लक्षात ठेवावे. एकाएकी मोठा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणे, अंगदुखी, अंगावर पुरळ, अशा मुलाला घरगुती उपायांवर न ठेवता प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा डॉक्टरांकडे पाठवावे. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील त्या मात्रेत. पाणी, पेज, ताक, जलसंजीवनी असे पातळ पदार्थ भरपूर द्यावेत. तापाच्या दिवसांत रुग्णाने दिवसाही मच्छरदाणीत झोपावे. त्याला चावलेला डास आठ-दहा दिवसांनी दुसऱ्याला आजार देऊ शकतो.

सर्वांत फसवा असतो ताप उतरण्याचा काळ. डेंग्यूत साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत ताप उतरतो आणि घरचे निश्चिंत होतात. पण काही मुलांची प्रकृती नेमकी तेव्हाच बिघडते. पोटात जोराचे दुखणे, सारख्या उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे, मूल सुस्त किंवा बेचैन होणे, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. "ताप उतरला, उद्यापासून शाळेत पाठवतो" असे पालक म्हणाले, तर ही लक्षणे शिक्षकांनी आवर्जून विचारावीत. एका प्रश्नाने एखादे मूल वाचू शकते.

वहीची पुढची पाने

शाळेच्या व्हरांड्यात एक तक्ता लावा. आडव्या रेषेवर आठवडे, उभ्या रेषेवर अळ्या असलेली भांडी. पहिल्या दोन आठवड्यांत आकडा वाढलेला दिसला तर निराश होऊ नका. मुलांची नजर तयार झाली की आधी न दिसलेल्या अळ्या दिसू लागतात. खरा उतार त्यानंतर सुरू होतो. एखाद्या आठवड्यात तो पुन्हा चढला, तर कारण वहीतच सापडेल: पाऊस झाला असेल, यात्रेमुळे शुक्रवार चुकला असेल किंवा टँकर उशिरा आल्याने लोकांनी जादा पिंपे भरली असतील.

थंडी पडली की आकडा आपोआप खाली येईल. ते श्रेय आपले नव्हे, थंडीचे आहे, हेही मुलांना प्रामाणिकपणे सांगावे. आपले काम खरोखर झाले की नाही, हे पुढच्या भाद्रपदात कळेल. म्हणून वही जपून ठेवावी. सातवी-आठवीची मुले शाळा सोडून जाताना ती खालच्या वर्गाकडे द्यावी. पुढच्या वर्षी पहिला परतीचा पाऊस पडला की नव्या मुलांनी जुने पान उघडावे आणि आपला आकडा त्याच्या शेजारी लिहावा.